मायकोअलर्ट किट (लोंझा): मॅक्रोफेज वाढवणाऱ्यांनी घ्याच, पण आधी हे वाचा

आधीच सांगून टाकते, लॅबमध्ये वाढवलेल्या सेलच्या कल्चरमध्ये मायकोप्लाझ्मा नावाचा छुपा बॅक्टेरिया शिरलाय का ते पकडणारं हे किट महाग आहे, आणि लॅबमध्ये किंवा शेजारच्या डिपार्टमेंटमध्ये ल्युमिनोमीटर (उजेड मोजणारं यंत्र) नसेल तर याच्या नादी लागू नका. पण मॅक्रोफेज, डेंड्रिटिक सेल, टी सेल असल्या काही इम्यून (रोगप्रतिकारक) सेल वाढवत असाल तर गाइडच्या मागे लागून मागवून घ्या.

साधे बॅक्टेरिया शिरले तर कळतं हो, रात्रीतून मीडिया (सेल ज्यात वाढतात ते द्रव) पिवळा गढूळ होतो, फ्लास्कमध्ये ब्लीच ओतायचं आणि विषय संपला. मायकोप्लाझ्मा तसला नाही. त्याला सेल वॉलच नाही त्यामुळे पेनिसिलिनला तो भीक घालत नाही, 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटतो, मीडिया छान लाल राहतो, सेल वाढत राहतात आणि आपण खुशीत पेपरचे ग्राफ काढत बसतो. 15 ते 35 टक्के कल्चरमध्ये हा असतो असा अंदाज नेहमी सांगितला जातो. बाकीच्यांचं यात ग्रोथ वगैरे बिघडतं, पण इम्यून सेलवाल्यांचं दुखणं वेगळंच, कारण या सेलचं मुळात कामच बॅक्टेरिया ओळखायचं. मायकोप्लाझ्माच्या अंगावरचे लिपोप्रोटीन टीएलआर2 आणि टीएलआर6 (बॅक्टेरिया ओळखणारे सेलवरचे रिसेप्टर) पकडतात आणि मॅक्रोफेज बिचारा इमानदारीत टीएनएफ, आयएल-6 (दाह सुरू करणारे सिग्नल प्रोटीन) सोडायला लागतो. म्हणजे डेटा खराब दिसत नाही, उलट भारी दिसतो, हीच खरी पंचाईत.

आमच्याकडे रॉ 264.7 (उंदराच्या मॅक्रोफेजची सेल लाइन) मध्ये हेच झालं. एलिसात (रंगावरून टीएनएफ मोजायची टेस्ट) स्टॉप सोल्युशन टाकलं तर अनट्रीटेड वेलसुद्धा एलपीएसवाल्या (एलपीएस म्हणजेच एन्डोटॉक्सिन, काही बॅक्टेरियांच्या आवरणातला, मॅक्रोफेजला भडकवणारा पदार्थ) वेलांइतक्या पिवळ्याधमक! सगळ्यांचं बोट मीडियातल्या सीरमकडे, एन्डोटॉक्सिन असणार म्हणून. मग पॉलिमिक्सिन बी टाकून बघितलं, ते एलपीएसला धरून ठेवतं, तरी टीएनएफ जागचा हलेना, एलएएल (एन्डोटॉक्सिन शोधणारी) टेस्टही क्लीन. बरोबरच आहे, मायकोप्लाझ्माकडे एलपीएस नसतंच. तेव्हा कुठे हे किट मागवलं.

वापरायला एकदम सोपं. कल्चरचा सुपरनेटंट (सेलवरचा द्रव) हळू स्पिन करायचा, 100 मायक्रोलिटर घ्यायचा, रिएजंट टाकून पाच मिनिटं थांबायचं, रीडिंग ए. मग सबस्ट्रेट, दहा मिनिटं, रीडिंग बी. जिवंत मायकोप्लाझ्मा असेल तर त्याचे एन्झाइम सबस्ट्रेटपासून एटीपी (सेलचं इंधन) बनवतात आणि एटीपीवर चालणाऱ्या ल्युसिफरेज एन्झाइमचा उजेड वाढतो. बी भागिले ए 0.9 च्या खाली आलं तर निगेटिव्ह, 1.2 च्या वर पॉझिटिव्ह, मधे लटकलं तर फ्लास्क बाजूला काढून 24 तासांनी परत. आमचा आकडा इतका वर होता की वाद घालायला जागाच नव्हती, पुण्यातल्याच एका ओळखीच्या लॅबकडून आणलेली सेलची व्हायल होती ती, सगळं ऑटोक्लेव्हमध्ये गेलं. नंतर जुनी टेस्ट केलेली व्हायल थॉ केली तर अनट्रीटेड वेल परत पांढऱ्या, आणि एलपीएस दिल्यावर हवा तसा जंप.

काही गोष्टी मात्र जपा. मीडिया बदलल्या बदलल्या टेस्ट करू नका, दोन-तीन दिवस जुना सुपरनेटंट घ्या. सेल सोबत आले तर त्यांच्याच एटीपीने ए फुगतं आणि रेशो खाली येतो, म्हणून स्पिनमध्ये घाई नको. रिएजंट फ्रिजमधून काढून लगेच वापरू नका, रूम टेंपरेचरला येऊ द्या. आणि कुठली स्पीशीज आहे ते हे किट सांगत नाही, त्यासाठी पीसीआर करून सिक्वेन्सिंगच. अगर प्लेटवर हाफ फ्रायसारख्या कॉलनी बघायची हौस असेल तर 28 दिवस थांबा, तोवर इथे थिसिस सबमिट होतो.

एक अजून, टीएनएफ नॉर्मल आहे म्हणून टेस्ट टाळू नका. जुन्या इन्फेक्शनमध्ये मॅक्रोफेज सरावतात आणि एलपीएस दिलं तरी ढिम्म राहतात. टी सेलचं दुखणं आणखी वेगळं, काही मायकोप्लाझ्मा मीडियातलं आर्जिनिन खाऊन टाकतात आणि प्रोलिफरेशन (सेलची संख्या वाढणं) झोपतं, मग लोक म्हणतात आमचं कंपाउंड इम्युनोसप्रेसिव्ह निघालं. थायमिडिन अपटेकवाल्यांनीही (सेलनी किती थायमिडिन शोषलं यावरून वाढ मोजणाऱ्यांनी) सावध राहा, मायकोप्लाझ्मा थायमिडिन तोडतो, काउंट तसाच पडतो. हूडसमोर (सेल हाताळायच्या निर्जंतुक कपाटासमोर) गप्पा मारणाऱ्यांसाठी खास माहिती, मायकोप्लाझ्मा ओराले माणसाच्या तोंडातच असतो 😀

किटला साडेचार स्टार, अर्धा किमतीचा कापला. डिस्ट्रिब्युटरला (नाव घेत नाही) एकच स्टार, 2 ते 8 डिग्रीला ठेवायचं पार्सल शुक्रवारी संध्याकाळी गेटवरच्या वॉचमनकडे टाकून गेला आणि फोनसुद्धा नाही, सोमवारी कळलं, बदलून घ्यायला किती मेल करावे लागले ते विचारू नका. आणि हो, पॉझिटिव्ह कंट्रोल (टेस्ट नीट चालतेय ना हे बघायचा, नक्की पॉझिटिव्ह येणारा नमुना) किटमध्ये येत नाही, वेगळा मागवावा लागतो, ऑर्डरमध्ये आत्ताच लिहून टाका.