होडीच्या इंजिनावर डीसी क्लॅम्प मीटर: दहा महिन्यांचा हिशेब

आमची होडी हर्णैला असते. तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन, १२ व्होल्टची वायरिंग, १०० एएचची (अँपिअर-तासांची) एक बॅटरी. गेल्या वर्षी सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) मारला की नुसतं ‘कट कट’ व्हायला लागलं. ‘बॅटरी बसली, दुसरं काय असणार,’ असं काका म्हणाले. काका तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, त्यामुळे विषय तिथेच मिटला. नवी बॅटरी आली. तीन आठवडे बरे गेले, मग परत तेच. सेल्फ उतरवून गॅरेजला नेला, त्यांनी ब्रश बदलले, पैसे घेतले. आठ दिवसांनी परत कट कट.

तेव्हा वैतागून नारळी पौर्णिमेच्या आधी हा मीटर मागवला, वायरीभोवती चिमटा लावून तिच्यातला करंट मोजणारा. चायनीज, साडेतीन हजारांच्या आतला. १ जूनपासून मासेमारीची बंदी लागली, होडी वर ओढून शाकारली, म्हणून आता निवांत लिहितोय.

आधी खरेदीबद्दल, कारण मी इथेच एकदा फसलोय. दुकानात नुसता ‘क्लॅम्प मीटर’ मागितलात तर बहुधा एसीवाला हातात पडतो. तो घरच्या विजेसाठी ठीक. बॅटरीच्या केबलला त्याचा चिमटा लावा, दोनशे अँपिअर वाहत असले तरी शून्यच दाखवेल. चिमट्याच्या रेंजवर A च्या शेजारी सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असं चिन्ह हवं. माझा जुना एसीवाला घरात पडून आहे, इन्व्हर्टरच्या कामाला येतो.

आता सेल्फचं. बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर दोन्ही पिना टेकवल्या, १२.६. म्हणजे बॅटरी भरलेली. मग भावाला स्टॉप ओढून धरायला सांगितला, इंजिन चालू होऊ नये म्हणून, आणि किल्ली फिरवली. बॅटरीवर १०.९. वाईट नाही. चिमटा केबलला लावला तर १७० अँपिअर. पण सेल्फवर मोजलं तर जेमतेम ८.५ पोचत होते. मधले दोन-अडीच व्होल्ट गेले कुठे?

इथे जी युक्ती लागते तिच्यासाठीच हा लेख लिहितोय म्हणा. प्लस-मायनस मोजायचं नाही. एकाच वायरच्या दोन टोकांना दोन पिना लावायच्या आणि लोड चालू असताना बघायचं. वायर चांगली असेल तर आकडा शून्याच्या जवळ येतो. जेवढे व्होल्ट दिसतील तेवढे त्या वायरने खाल्ले. बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत ०.३ आले, चालतील. बॅटरीच्या मायनसपासून सेल्फच्या अंगापर्यंत २.१! अर्थची, म्हणजे करंट परत आणणारी, केबल. दोन व्होल्ट गुणिले १७० अँपिअर म्हणजे साडेतीनशे वॉट, तेही केबलच्या टोकाच्या एका थिंबलात, म्हणजे बोल्टात बसणाऱ्या कडीत. हात लावला तर चटका बसला.

थिंबल सोडवून बघितलं. बाहेरून चकचकीत, वर काळी टेप. टेप काढली, टोक जरा वाकवलं, तर आतून हिरवी-निळी पूड सांडली. सुपारीला बोर्डो मारणाऱ्यांच्या ओळखीचा रंग, मोरचुदाचा. आतल्या तारांपैकी निम्म्या हाताला लागताच तुटल्या. शिवाय खालच्या बोल्टच्या जागी गेल्या रंगरंगोटीत कोणीतरी ब्लॉकवर रंग मारून ठेवलेला, आणि थिंबल त्या रंगावर बसवलेलं. पॉलिश पेपरने लोखंड उघडं केलं, कल्हईच्या तारांची नवी केबल घातली, थिंबल दाबून घेतलं, वर गोंदवाली स्लीव्ह तापवून बसवली. परत मोजलं: अर्थला ०.२, करंट २४० अँपिअर, सेल्फवर ९.६. पहिल्याच झटक्याला इंजिन उठलं. जुनी बॅटरी मी भंगारात दिली होती. तिचा काही दोष नव्हता.

ट्रकवर काम करणारे वायरमन होडीवर चुकतात ते इथेच. ट्रकची चासीच अर्थ असते. आपली होडी फायबरची किंवा लाकडाची, तिच्यातून करंट परत यायला वाटच नाही. प्रत्येक दिव्याचा, प्रत्येक पंपाचा परतीचा प्रवास वायरीतूनच. म्हणून होडीवर बिघाड निघाला तर प्लसइतकाच संशय मायनसवर घ्यायचा.

दुसरा बिघाड वायरलेसचा. ऐकू सगळं यायचं, पण बोलायला बटण दाबलं की सेट बंद. प्लगवर मीटर लावला, १२.६. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीटर समुद्रात टाकावा. पण मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे केसाएवढी एक तार शाबूत असली तरी तो १२.६ दाखवतो. सेट ऐकताना अर्धा अँपिअरही घेत नाही, २५ वॉटवर बोलताना मात्र पाच-सहा घेतो. बटण दाबून धरून मोजलं, ९.१ वर आला. फ्यूजच्या खोबणीत हिरवं झालं होतं. तेव्हापासून मीटरच्या पिशवीत मोटारीच्या इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब, त्याला दोन वायरी सोल्डर करून ठेवलाय. ज्या वायरीवर तो ढणढणीत पेटतो ती वायर खरी.

चिमट्याची खरी किंमत कळली डिसेंबरात. दोन-तीन दिवस होडी नांगरावर उभी राहिली की बॅटरी उतरायची. सगळे स्विच बंद करून मायनस केबलला चिमटा लावला, ०.६ अँपिअर. दिसायला किरकोळ, पण दिवसाला १४ एएचच्या वर जातात, साडेतीन दिवसांत अर्धी बॅटरी रिकामी. एकेक फ्यूज काढत गेलो. बुडातलं पाणी उपसणाऱ्या पंपाचा फ्यूज काढला आणि आकडा शून्यावर आला. पंप आपोआप चालू करणाऱ्या फ्लोट स्विचचा जोड पाण्याच्या पातळीखाली होता, नुसती टेप गुंडाळलेला. ती लाइन थेट बॅटरीवरून येते, म्हणजे चोवीस तास खाऱ्या पाण्यातून करंट वाहत होता. तिथली प्लसची वायर तर चिखल झाली होती. जोड आता वर, हाताला येईल असा घेतलाय.

चार्जिंगची गोष्ट थोडक्यात. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ हवेत, आमच्याकडे १२.४. रेस जोरात दिली की अचानक १४.१ आणि मग ठीक. डायनामो उघडून रिवाइंड करायचा सल्ला मिळाला होता. निघाला पॅनेलवरचा चार्जिंगचा बल्ब, उडालेला. आमच्या डायनामोला सुरुवातीचा करंट त्या बल्बातूनच मिळतो. काही रुपयांत काम झालं.

आता तक्रारी. चिमट्याचं शून्य सरकतं. इंजिनाजवळ नेला, फिरवला, की ०.१-०.२ आपोआप दिसतात. जिथे मोजायचं त्या जागी, त्याच दिशेला धरून झिरोचं बटण दाबावं लागतं, नाहीतर नसलेली गळती शोधत बसाल. स्क्रीनला दिवा आहे, पण दहा सेकंदांत विझतो. पहाटे इंजिनाच्या खणात डोकं घालून बसलेल्या माणसाचा विचार करणाऱ्याने केलेला नाही. पिनांच्या वायरी चार महिन्यांत मुळाशी कडक झाल्या, दुसऱ्या घेतल्या. पाण्यात टिकणारा तर अजिबात नाही. मी झिपच्या पिशवीत, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो.

एक गाढवपणा माझा. पिन १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि तशीच बॅटरीच्या दोन टोकांना लावली. ठिणगी, आणि आतला फ्यूज गेला. तो छोटा सिरॅमिक फ्यूज दापोलीत मिळाला नाही, मागवून यायला अकरा दिवस गेले. थोडक्यात वाचलो. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तिच्याजवळ ठिणगी म्हणजे खेळ नाही. चार्जिंगनंतर आधी झाकण उघडून वारा लागू द्या, मग हात घाला. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून डायनामो ‘तपासायची’ जुनी सवय असेल तर सोडा, त्याचे डायोड उडतात.

दोरी ओढून चालू होणारी लहान आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेर लावायची मशीन) असेल तर हा घेऊ नका. तिच्या सीडीआयचे (प्लगला ठिणगी देणाऱ्या युनिटचे) झटके इतके क्षणिक असतात की साधा मीटर ते पकडत नाही, त्याला वेगळा अ‍ॅडॅप्टर लागतो. कॉइलचे ओहम मोजायला स्वस्तातला मीटरही पुरतो.

एक काम राहिलंय. पॅनेलचे दिवे लावले की तापमानाचा काटा दोन घरं वर चढतो, इंजिन थंड असलं तरी. पॅनेलचा अर्थ कुठेतरी सैल आहे, दिव्यांचा करंट काट्याच्या वाटेत अडथळा करतोय. पावसाने उघडीप दिली की झाप बाजूला करून पॅनेल खोलतो.