ओल्ड बेलीचा वॉक: गोष्ट भारी, पाटी काही दिसली नाही

लंडनला ताईकडे गेलो होतो तेव्हा ओल्ड बेली कोर्टाच्या आजूबाजूचा दोन तासांचा गायडेड वॉक केला. पहिला पाऊण तास नुसत्या न्यूगेट जेलच्या आणि फाशीच्या गोष्टी, मी तर कंटाळून निघायच्याच बेतात होतो, पण मग गाइडबाईंनी 1670 चा खटला काढला आणि पैसे वसूल.

विल्यम पेन आणि विल्यम मीड, दोघं क्वेकर, म्हणजे एका ख्रिश्चन पंथाचे. प्रार्थनाघराला टाळं ठोकलं म्हणून रस्त्यावरच सभा घेतली, त्यावरून खटला. कोर्टात त्यांच्या डोक्यावर टोप्या नव्हत्या तर मुद्दाम घालायला लावल्या आणि मग टोप्या का घातल्या म्हणून दंड!! ज्युरी (म्हणजे निकाल देणारे सामान्य नागरिक) दोषी म्हणेना, तर बाराही जणांना उपाशीतापाशी दोन रात्री कोंडलं, तरी निकाल निर्दोषच, मग ज्युरीलाच दंड. त्यातला एडवर्ड बुशेल म्हणाला भरत नाही जा, बसला जेलमध्ये, आणि शेवटी न्यायाधीश वॉननी ठरवून टाकलं की निकाल आवडला नाही म्हणून ज्युरीला शिक्षा करता येणार नाही. कायद्यात गुन्हा बसतो, पण मनाला पटत नाही म्हणून आरोपीला सोडायचं, ही ज्युरीची ताकद टिकली ती यामुळे.

मी विचारलं, नानावटी केस माहितीय का? नव्हती. बायकोच्या प्रियकराला गोळी घालणाऱ्या या नौदल अधिकाऱ्याला 1959 ला मुंबईत ज्युरीने 8 विरुद्ध 1 ने सोडलं होतं, पण आपल्याकडे सेशन्स जजला पटलं नाही तर केस हायकोर्टाकडे पाठवता यायची, तशी गेली आणि जन्मठेप झाली. म्हणजे बुशेलवाली ताकद आपल्या ज्युरीला पुरती मिळालीच नव्हती. अर्थात तिथे ज्युरीचं मन बोललं की नानावटीची बाजू लावून धरणारा ब्लिट्झ पेपर, हा वादच आहे. आणि टिळकांच्या 1908 च्या राजद्रोहाच्या खटल्यात सात युरोपियन दोषी म्हणाले, दोन पारशी निर्दोष, बहुमतावर काम झालं. ज्युरीत कोण बसलंय यावर सगळं, हे बाईंनी सांगायला हवं होतं.

दोन स्टार कापले. एक, बुशेल आणि मंडळींची पाटी इमारतीच्या आत आहे आणि हा वॉक बाहेरूनच, बुकिंगच्या वेळी सांगा ना! दुसरा, 2023 ला ज्युरीच्या याच हक्काचा बोर्ड घेऊन लंडनच्याच दुसऱ्या एका कोर्टाबाहेर उभ्या राहिलेल्या बाईंवर कोर्टाच्या अवमानाची कारवाई करायला निघाले होते, 2024 ला हायकोर्टाने परवानगी नाकारली, एवढी ताजी गोष्ट गाइडबाईंनी अर्ध्या मिनिटात उरकली.

नंतर पब्लिक गॅलरीत बसायचं होतं, पण तेव्हा मोबाइल आत नेऊ देत नव्हते, मी माझा ताईकडे देऊन तिला बाहेर उभं केलं, अजून ऐकवते.