लाल कोळी: निंबोळी अर्क की गंधक?

वांगी, भेंडी किंवा गुलाबाच्या पानांवर उन्हाळ्यात बारीक पिवळसर ठिपके आणि पानाखाली विरळ जाळी दिसली, तर तो बहुधा लाल कोळी असतो. तो कीटक नसून अष्टपाद असल्याने बरीचशी कीटकनाशके त्याच्यावर चालत नाहीत; उलट मित्रकीटक मेल्याने तो अधिकच फोफावतो.

पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे 50 ग्रॅम निंबोळीची भरड पाण्यात रात्रभर भिजवून व गाळून केलेले एक लिटर द्रावण, कोळ्याचे खाणे आणि अंडी घालणे मंद करतो; मात्र उन्हात हा प्रभाव लवकर ओसरत असल्यामुळे तो संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने आणि आठवड्याभराने पुन्हा फवारावा लागतो. पाण्यात मिसळणारे 80 टक्के गंधक, लिटरला 2 ग्रॅम, भुरी या पानांवरच्या पांढऱ्या बुरशीलाही आवर घालते, पण पारा 32 अंशांच्या वर असताना त्याने पाने करपू शकतात आणि काकडीवर्गीय वेलींना ते अनेकदा सोसवत नाही. दुर्दैवाने कोळी माजतो तो नेमका एप्रिल-मेमध्येच! त्यामुळे विदर्भातल्या उन्हाळ्यात माझा कौल अर्कालाच आहे; गंधक फेब्रुवारीपर्यंत, तेही प्रादुर्भाव वाढल्यास. निंबोळी तेल फवारले असेल, तर त्यानंतर दोन आठवडे गंधक वापरू नये.