घसरणारा सुखतळा: कमी ड्रॉपच्या ट्रेल बुटांसोबत सात महिने

तीन आठवड्यांनी बूट कंपनीकडून परत आले. खोक्यात तेच बूट, घासूनपुसून स्वच्छ केलेले, आणि आत नवा कोरा सुखतळा. अगदी जुन्यासारखाच, खालून तसाच गुळगुळीत. ज्या वस्तूच्या तक्रारीसाठी मी चार मेल आणि अकरा फोटो पाठवले होते, तीच वस्तू नवी करून परत आली. त्याच संध्याकाळी ठरवलं की हे सगळं नीट लिहून काढायचं. कंपनीचं नाव घेत नाही. ओल्या उतारावर सुखतळा पुढे सरकण्याचा हा दोष डोंगरवाटांवर धावायच्या कुठल्याही ट्रेल बुटात निघू शकतो, आणि तो ओळखायचा कसा हे सांगणं मला जास्त गरजेचं वाटतं.

जोड असा: तळाची जाडी टाचेखाली ३२ मिमी, चवड्याखाली २८. या दोन्हींतला फरक म्हणजे ड्रॉप, इथे ४ मिमी. सोलचे दात ४ मिमी. पुढचा भाग पायाच्या ठेवणीचा, अंगठ्याच्या बाजूने सरळ जाणारा. सात महिन्यांत ६४० किमी झाले, त्यातले निम्म्याहून जास्त दगडगोट्यांच्या वाटांवर, बाकी मातीवर आणि थोडे डांबरावर.

याआधीचे माझे सगळे बूट १० मिमी ड्रॉपचे आणि पुढे निमुळते होत जाणारे. अंगठ्याची नखं तीनदा काळी पडून गळाली. लांब पळताना तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मधे मुंग्या येऊन तो भाग बधिर व्हायचा, आणि बूट काढून पाच मिनिटं बोटं पसरली की बरं वाटायचं. इतकी वर्षं मी त्यावर एकच उपाय करत आले, अर्धा नंबर मोठा घ्यायचा. तो चुकीचा होता. ब्रिटिश मापात एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिमी. अर्धा नंबर वाढवला की लांबी चार मिमीने वाढते, रुंदी मात्र जेमतेम. पाय रुंद असेल तर लांब बूट घेऊन काहीच सुटत नाही, उलट बूट वाकतो ती जागा पायाच्या वाकण्याच्या जागेच्या पुढे सरकते.

खरेदीच्या आधी दोन महिने यावर घालवले. शून्य ड्रॉप म्हटलं की पहिलं नाव ऑल्ट्रा कंपनीचं. तिच्या लोन पीक या बुटाचा तळ २५ मिमीचा, ओलिंपसचा ३३. दहावरून थेट शून्यावर उतरायची माझ्या पोटऱ्यांची तयारी नव्हती. ज्या ऑल्ट्राची ओळखच शून्य ड्रॉप, तिनेही अलीकडे ४ मिमीचे जोड काढले आहेत, त्यामुळे मधल्या वाटेने जाणारी मी एकटी नाही हे कळलं. टोपो कंपनीत ३ आणि ५ मिमीचे प्रकार मिळतात, बोटांना मोकळीक आणि टाचेला पकड अशी त्यांची घडण. होका कंपनीचा स्पीडगोट हा बूट पायात घालून पाहिला. मऊपणा उत्तम, ड्रॉपही कमी, पण माझी करंगळी पहिल्याच मिनिटाला दाबली गेली. एक गोष्ट तेव्हा पक्की कळली. रुंदीचं अक्षर आणि बोटांची मोकळीक या वेगळ्या बाबी आहेत. बायकांच्या बुटांची नेहमीची रुंदी बी, पुरुषांची डी, त्याहून मोठी टू-ई. ही अक्षरं मुख्यतः चवड्याच्या सगळ्यात रुंद जागेबद्दल बोलतात. त्याच्या पुढे बूट किती वेगाने निमुळता होतो हे ती सांगत नाहीत, आणि माझी अडचण नेमकी तिथेच होती. शेवटी मी पुरुषांच्या मापाचा जोड घेतला. या निर्णयाची एक बाजू मला नंतर भोवली, ती पुढे येईलच.

पहिले तीन आठवडे पोटऱ्यांचे होते. टाच ६ मिमीने खाली आली की घोट्याला प्रत्येक पावलाला जास्त वाकावं लागतं, आणि तो ताण पोटरी आणि टाचेमागची शीर उचलते. हे वाचलेलं होतं, पण पायऱ्या उतरताना कठडा धरावा लागला तेव्हा खरं पटलं. पहिल्या पंधरवड्यात तीन धावांपैकी एकच या बुटांत केली, बाकी जुन्या जोडात. रोज पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाचा सावकाश खाली सोडायचा व्यायाम केला. पाचव्या आठवड्यात दुखणं थांबलं ते थांबलंच. चढावर गुडघ्याच्या खालचा जुना ठणकाही कमी झाला. त्याचं सगळं श्रेय ड्रॉपला देणार नाही, कारण पावलंही आपोआप आखूड पडायला लागली होती.

बोटांच्या जागेबद्दल मात्र हातचं राखून लिहिता येत नाही. दुसऱ्या महिन्यात एकदा साडेतीन तास धावून परत आले, बूट काढले, आणि बधिरपणा नव्हता. अजिबात नव्हता. लांब अंतरात पाय सुजतो हे ठाऊक असतं, पण सुजलेल्या पायाला जागा मिळाली की संध्याकाळ किती वेगळी जाते, हे मला त्या दिवशी कळलं. अंगठा सरळ टेकतो, दगडावर पाऊल पडताना बोटं पसरून तोल सावरतात. माझे जुने सगळे बूट करंगळीपाशीच फाटायचे आणि मी कापडाला दोष द्यायचे. या जोडाचं कापड तिथे आजही धड आहे. इतकी वर्षं ते भोक माझी करंगळीच पाडत होती.

मग पावसाळा आला.

ओल्या वाटेवरच्या पहिल्याच मोठ्या उतारानंतर दुसऱ्या बोटाचं नख काळं झालं. मला राग आला. एवढी शोधाशोध करून घेतलेला रुंद तोंडाचा बूट, आणि पुन्हा तेच. आधी वाटलं नंबर चुकला. मग वाटलं मोजा पातळ आहे, म्हणून जाड घातला, त्याने जागा आणखी कमी झाली. मग नाड्या इतक्या आवळल्या की पायाच्या वरच्या बाजूला वळ उठला. कोरड्या वाटेवर सगळं ठीक, ओल्या उतारावर बोटं पुढच्या भिंतीवर. हा अनुभव मी तेव्हाच लिहिला असता तर ‘मोकळ्या तोंडाचं नाव सांगून फसवतात’ एवढंच लिहिलं असतं, आणि ते अन्यायाचं झालं असतं.

चौथ्या महिन्यात एकदा उतार संपल्यावर खडा काढायला बूट काढला, तेव्हा सुखतळ्याची पुढची कड वर वळून बोटांखाली गोळा झालेली दिसली. घरी येऊन सुखतळा नीट बसवला, आणि टाचेपाशी सुखतळ्यावर आणि बुटाच्या आतल्या कापडावर एकच सलग रेघ मारली. पुढच्या ओल्या धावेत सहा किलोमीटरचा उतार होता. परत येऊन पाहिलं तर दोन रेघांमध्ये उजव्या पायात ९ मिमीचं अंतर पडलं होतं, डाव्यात ७.

उजव्यात एका नंबरपेक्षा जास्त. म्हणजे माझा उजवा पाय प्रत्येक उतारावर एक नंबर लहान बुटात जात होता.

कारण शोधलं तर अगदी साधं. उतारावर बूट जमिनीला धरून थांबतो आणि शरीराचं वजन पायाला पुढे ढकलतं. पाय आणि बूट यांच्या मधे सुखतळा. त्याची वरची बाजू कापडाची, मोज्याला घट्ट धरणारी. खालची बाजू उघड्या फोमची, गुळगुळीत. त्याखाली बुटाचं शिवलेलं कापड. पाणी शिरलं की या दोन थरांत पाण्याचा पापुद्रा तयार होतो आणि सुखतळा मोज्याबरोबर पुढे निघतो. पुढे भिंत आली की वळतो. वळला की उंची जाते, उंची गेली की नख वरच्या कापडाला घासतं. बूट जितका पुढे रुंद, तितकी सुखतळ्याला बाजूंनी अडवणारी भिंत कमी, म्हणून मोकळ्या बुटात हा दोष जास्त त्रास देतो. त्यात माझा जोड पुरुषांच्या मापाचा, टाचेतही सैल. टाच जागेवर धरलेली नसेल तर पुढची मोकळीक उतारावर कामाची राहत नाही, हे मला चार महिने आणि दोन नखं गमावून समजलं.

कंपनीला हे सगळं मापांसकट लिहिलं. उत्तर आलं की वॉरंटी सोल सुटणं आणि शिवण उसवणं यांपुरती आहे. फोनवर बोलणारी मुलगी सौजन्याने बोलली, पण म्हणाली, “मॅडम, सुखतळा काढता-घालता येतो, म्हणून तो बुटाचा भाग धरत नाहीत.” मी म्हटलं, “तो आपला आपण सरकतो, हीच माझी तक्रार आहे.” मग जोड पाठवायला सांगितलं, आणि पुढचं सुरुवातीला लिहिलंच आहे. त्या मुलीवर माझा राग नाही. राग याचा आहे की सोलच्या रबराचा, फोमचा, नाड्यांचा इतका विचार केलेल्या बुटात, पायाला प्रत्यक्ष टेकणारी एकमेव वस्तू कुणी ओली करून पाहिलेली दिसत नाही.

नवा जोड परवडला असता, पण बाकी सगळं उत्तम असलेला बूट एका फोमच्या पट्टीपायी टाकून देणं मला जमण्यासारखं नव्हतं. आधी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप टाचेखाली लावली. दोन ओल्या धावांत सुटली, कारण गुळगुळीत फोमला ती धरत नाही. मग चामड्याला लावतात तो रबरी गोंद वापरायचा विचार केला आणि सोडून दिला. सुखतळा कायमचा चिकटवला तर बूट आतून वाळत नाही. शेवटी झिजून बाद झालेल्या रस्त्यावरच्या बुटातला सुखतळा काढला. तो जेमतेम ३ मिमीचा आणि खालून खरखरीत कापडाचा. मूळचा सुखतळा पुठ्ठ्यावर ठेवून आकार काढला, त्याप्रमाणे हा कापला, आणि टाच व कमानीखाली टेपच्या दोन पट्ट्या लावल्या. बोटांखाली नाही, तिथे कड वर येते. कापडाला टेप घट्ट बसते, आणि महिन्यातून एकदा ओढून काढून सुखतळा धुताही येतो. पातळ असल्यामुळे टाच दोन मिमी खोल बसायला लागली आणि मागची पकड सुधारली, हा फायदा मी धरलाही नव्हता. सोबत सगळ्यात वरच्या जादा भोकातून नाडीचा फास करून टाच अडकवायला लागले. तेव्हापासून अकरा ओले उतार झाले. रेघ १ मिमीच्या वर सरकलेली नाही, आणि नखं गुलाबी आहेत.

कुशनबद्दल माझं मत मधेच बदललं. पहिले तीनशे किलोमीटर मी ते सगळ्यांना सांगत होते, इतकं मऊ. साडेचारशेच्या आसपास टाचेची बाहेरची बाजू चपटी वाटायला लागली, आता फोमच्या कडेवर आडव्या सुरकुत्या दिसतात आणि खडीवर धावताना खडा जाणवतो. रबराचे दात अजून अडीच मिमी आहेत, म्हणजे सोलच्या आधी गादी संपली. फोमचे बूट पाचशे ते आठशे किमीत बसतात असं सर्वसाधारणपणे मानलं जातं, त्या हिशेबात हे चुकीचं नाही. तरी दात शिल्लक असताना बूट निवृत्त करावा लागतो याची हळहळ वाटते. आणखी एक, तिरक्या उतारावरून आडवं जाताना मऊ आणि उंच तळ खालच्या बाजूला कलतो. घसाऱ्यावर दोनदा घोटा मुरगळता मुरगळता राहिला. अशा वाटा जास्त असतील त्यांनी यापेक्षा कमी उंचीचा तळ बघावा.

घेताना आता मी काय करते ते सांगते. दुपारनंतर जाते, पाय थोडा सुजलेला असताना, स्वतःचे धावायचे मोजे घेऊन. बूट पायात घालायच्या आधी सुखतळा बाहेर काढून त्यावर उभी राहते. करंगळी किंवा अंगठा कडेबाहेर गेला तर तो बूट तिथेच संपला, बाहेरून कितीही रुंद दिसो. मग सुखतळा उलटा करून बोट फिरवते. खाली उघडा फोम आहे की कापड? परत आत बसवून टाचेपाशी अंगठ्याने जोरात पुढे रेटते. कोरडा असताना जो सरकतो, तो ओला झाल्यावर थांबणार नाही. त्यानंतर उतरत्या जागेवर चार पावलं टाचेवर ब्रेक लावत उतरते. उभ्याने बोटांपुढे अंगठाभर जागा असते, पण उतरताना किती उरते ते पाहायचं. विक्रेते ड्रॉप आणि उंची तोंडपाठ सांगतात. सुखतळ्याच्या खालच्या बाजूबद्दल विचारलं की प्रत्येक जण आधी तो काढून बघतो.

इतकं झाल्यावर मी दुसरा जोड कोणता घेतला, असं विचाराल तर तोच. फक्त या वेळी बायकांच्या मापाचा, टू-ई नव्हे तर नेहमीच्या रुंदीचा, कारण पायाच्या आकाराच्या या बुटात बोटांना तेवढी जागा पुरते आणि टाच घट्ट राहते, हे दोन्ही शेजारी घालून पाहिल्यावर दिसलं. पुठ्ठ्यावरचा आकार जपून ठेवला होता, त्याला थोडी कात्री लावून नवा सुखतळा कापून झाला आहे. टाचेपाशी रेघही मारून ठेवली आहे. पहिला ओला उतार येत्या रविवारी.