आईच्या केमोची फाईल आणि पंधरा हजारांचं मराठी प्लॅनर

गेल्या श्रावणात आईच्या छातीतली गाठ हाताला लागली आणि गणपती बसायच्या आधी बायोप्सीचा रिपोर्ट आला. आई खानापूर तालुक्यातल्या गावी असते. मी लग्न होऊन बेळगावच्या वडगावात आले, ह्यांचे दोन पॉवरलूम आहेत. उपचार बेळगावातच करायचे ठरले, म्हणून आईला माझ्याकडे आणलं. घरात कॅन्सर आला की पहिल्या पंधरा दिवसांत हातात काय येतं, तर कागद. मॅमोग्राफी, बायोप्सी, छातीचा सीटी, हृदयाचा एको, रक्ताचे रिपोर्ट, औषधांच्या पावत्या, रेशनकार्डाच्या झेरॉक्स. दवाखान्याचे कागद इंग्रजीत, सरकारी अर्ज कन्नडमध्ये, आणि आई मराठी चौथी शिकलेली. मी बारावी आहे, कन्नड बोलते, पण अर्ज वाचताना अजूनही अडखळते. सीमाभागात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

ही अडचण ज्याला नेमकी कळली होती, त्यानेच आम्हाला फसवलं.

दवाखान्यासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मी रांगेत उभी होते. काखेत पिशवी, पिशवीतून अर्धे कागद बाहेर आलेले. शेजारी निळ्या शर्टातला एक तिशीतला माणूस उभा होता, गळ्यात ओळखपत्राची दोरी. ‘अक्का, फाईल सांभाळताना हाल होतात ना?’ इतकंच तो म्हणाला. स्वच्छ मराठी. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. इतके दिवस आईचं वय, नवऱ्याचं नाव, आधारचा नंबर सगळ्यांनी विचारलं होतं, हाल होतात का हे त्यानेच पहिल्यांदा विचारलं.

मग त्याने मोबाईलवर फोटो दाखवले. कॅन्सर पेशंटसाठी खास प्लॅनर, ‘संपूर्ण मराठीत’. केमोच्या तारखा, गोळ्यांचं वेळापत्रक, रिपोर्टसाठी कप्पे, वर फोनवर मार्गदर्शन करायला एक समन्वयक, तोही मराठी बोलणारा. स्वतःच्या मावशीला हाच आजार झाला होता, तिच्या हालांतून हे सुचलं, असं तो म्हणाला. किटची किंमत ३,९०० रुपये. समन्वयकाचे महिन्याला ७९९, ते आपोआप कापले जाणार. दवाखान्याचा आणि त्याचा काही संबंध नाही हे मला नंतर कळलं. नर्सला एकदा विचारलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं.

किट घरपोच आलं. जांभळा खोका, आत जाड पुठ्ठ्याचं प्लॅनर, रंगीत चिकटपट्ट्या, गोळ्यांची डबी, एक पेन. आईने पुठ्ठ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, ‘किती महागाचं असंल गं हे.’ मी सातशे सांगितलं.

रात्री वाचायला बसले, तेव्हा पहिला धक्का बसला. मराठी होतं, पण ते कुठल्या माणसाने लिहिलेलं नव्हतं. परदेशातली कुठली तरी तयार वही मोबाईलकडून भाषांतर करून छापली होती. डिस्चार्ज कार्ड ठेवायच्या कप्प्यावर लिहिलं होतं ‘स्राव सारांश’. रक्त तपासणीच्या पानावर ‘रक्त रेखाटन तारीख’. आजाराची स्टेज लिहायच्या जागी ‘रंगमंच क्रमांक’. विम्याची तब्बल आठ पानं होती, आपल्याकडे कुणी कधी न ऐकलेल्या रकान्यांची. शेवटी लाल चौकटीत तातडीचा नंबर छापला होता: ९११. तो अमेरिकेतला नंबर आहे. आपल्याकडे ११२ किंवा ॲम्ब्युलन्ससाठी १०८. तो नंबर वाचूनच मी पैसे परत मागायला हवे होते. पण पैसे दिल्यावर मन त्या वस्तूची बाजू घ्यायला लागतं. चुका असतील, समन्वयक तर आहे, असं मीच मला समजावलं.

केमो दर एकवीस दिवसांनी होती. पहिले चार डोस लाल औषधाचे. प्लॅनरमध्ये आठवड्यांचे छापील रकाने, सोमवार ते रविवार. आईला दिवस मोजायचे होते ते केमोच्या दिवसापासून. पहिला दिवस, सातवा, दहावा. कारण केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, त्या दिवसांत जपायचं असतं. हे मला आता माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं, आणि त्या पानांत ते कुठेही नव्हतं. ‘आज मी कशासाठी आभारी आहे’ यासाठी मात्र रोज अर्धं पान होतं.

दहाव्या दिवशी रात्री साडेनऊला आईचं अंग तापलं. थर्मामीटरमध्ये १०१. मी समन्वयकाला फोन केला, त्यासाठीच तर ७९९ देत होतो. तो म्हणाला, ‘ताई, पहिल्या केमोनंतर ताप येतोच. तापाची गोळी द्या, प्लॅनरमध्ये नोंद करा, पुढच्या तारखेला डॉक्टर बघतील.’ मी गोळी दिली. नोंदही केली, त्या गुळगुळीत पानावर पेनाची शाई पसरत होती हे अजून आठवतं. अकरा वाजता आईला थंडी वाजायला लागली. तिचे दात वाजत होते आणि ती मलाच सांगत होती, ‘तू झोप जा, सकाळी बघू.’

शेजारच्या वहिनी आधी नर्सिंग होममध्ये कामाला होत्या. आवाज ऐकून आल्या, कपाळाला हात लावला, केमो कधी झाली विचारलं, आणि म्हणाल्या, ‘सकाळपर्यंत थांबायचं नसतंय ओ, आत्ता उचला.’ रिक्षा मिळेना, ह्यांनी माग चालवणाऱ्या एका मित्राची ओमनी आणली. दवाखान्यात रक्त काढलं तर पांढऱ्या पेशी नऊशेवर आलेल्या. पाच दिवस ॲडमिट. सलाईनमधून अँटिबायोटिक, पेशी वाढवायची इंजेक्शनं. पहाटे ड्युटीवरच्या डॉक्टरांनी मला एकच विचारलं: ‘कार्डावर लिहिलं होतं ना?’

लिहिलं होतं. डिस्चार्ज कार्डाच्या तळाला, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत: १००.४ च्या वर ताप गेला तर ताबडतोब या, खाली वॉर्डचा फोन नंबर. ते कार्ड मी स्वतः त्या ‘स्राव सारांश’च्या कप्प्यात घालून झिप लावली होती. कप्पा इतका छान होता की कार्ड परत बाहेर काढलंच नाही. केमो चालू असलेल्या कुणाच्याही घरात हे वाचलं जात असेल तर पुढचं वाचायच्या आधी उठा, कार्ड काढा, तो नंबर मोबाईलमध्ये घाला आणि स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवा. केमोत ताप आला की गोळी देऊन वाट बघायची नाही. कुणीही सांगितलं तरी नाही.

एवढं होऊनही मी त्या माणसाला सोडलं नव्हतं, कारण दुसरी गोष्ट त्याच्या हातात होती. पहिल्या भेटीतच त्याने रेशनकार्ड बघून गाव विचारलं होतं. ‘अक्का, तुमचं गाव आठशे पासष्टमध्ये येतं. मुंबईची फाईल करतो, सगळे उपचार फुकट.’ २०२३ साली महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचा निर्णय घेतला, कर्नाटक सरकारने त्याला विरोध केला, महिनाभर पेपरात तेच होतं. आमच्यासारख्यांच्या डोक्यात त्यातला आकडा तेवढा राहिला. कागद कोणते, जायचं कुठे, हे घरोघरी कुणालाच नीट माहीत नाही, आणि नेमक्या त्या फटीत हा माणूस बसला होता. फाईलचे त्याने ९,००० घेतले. त्यासोबत बायोप्सीचा मूळ रिपोर्ट नेला, आणि स्लाईड-ब्लॉकही नेले.

ब्लॉक म्हणजे काय ते मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. गाठीचा काढलेला तुकडा लॅबवाले मेणाच्या छोट्या चौकोनात बसवून ठेवतात, त्यातून पातळ काप काढून काचेवर घेतात, त्या स्लाईड. पुढची कुठलीही तपासणी त्याच तुकड्यावर होते, मुंबईला टाटाला दाखवायला गेलात तरी ते स्लाईड-ब्लॉक मागतात. आईच्या रिपोर्टमध्ये हर-टू, म्हणजे काही गाठींत वाढलेलं एक प्रथिन, ‘२+’ आलं होतं, म्हणजे धड हो नाही आणि धड नाही नाही. अशा वेळी फिश नावाची तपासणी करतात, आणि महागाचं एक इंजेक्शन लागणार की नाही ते तिच्यावर ठरतं. डॉक्टरांनी ब्लॉक मागितला. माझ्याकडे पावती तेवढी होती, ब्लॉक त्याच्याकडे.

फोन केला तर ‘फाईल मुंबईला गेली.’ दुसऱ्या दिवशी ‘कोल्हापूरला अडकली.’ मग ‘दुसरा हप्ता भरा, सोडवतो.’ आईच्या शरीरातला तुकडा त्याच्याकडे गहाण पडल्यासारखा झाला होता. तेरा दिवस गेले. शेवटी ह्यांनी पोलीस ठाण्याच्या दारातून त्याला व्हिडिओ कॉल केला आणि मागची पाटी दाखवली. त्याच संध्याकाळी एक पोरगा येऊन कुंद्याचा रिकामा डबा देऊन गेला. आत टिश्यू पेपरमध्ये गुंडाळलेला ब्लॉक आणि दोन स्लाईड, एकीचा कोपरा उडालेला. मूळ रिपोर्ट नाहीच, तो लॅबकडून पुन्हा काढून घेतला. ब्लॉक चालला, तपासणी झाली. तेरा दिवस आम्ही काय काढले ते आम्हाला माहीत.

फाईल कुठेही गेली नव्हती. सरकारी योजनेची फाईल करायला पैसे लागतच नाहीत. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, तो कागद बघतो, फुकट. कर्नाटकातही आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक आहे, बीपीएल कार्डवाल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, एपीएलवाल्यांना पॅकेजच्या ३० टक्के. आमचं बीपीएल कार्ड पहिल्या दिवसापासून त्याच पिशवीत होतं. आरोग्यमित्राच्या खिडकीवर कन्नड पाटी होती म्हणून मी तिकडे गेलेच नव्हते. गेले तेव्हा आतला मुलगा माझ्याशी मराठीत बोलला.

तिसरी गोष्ट अजून चालू आहे. किटवरचा चौकोन स्कॅन करून मी ‘पेशंटची ओळख’ भरली होती: नाव, वय, कुठला कॅन्सर, कुठली स्टेज, मोबाईल. तिसऱ्या आठवड्यापासून फोन यायला लागले. काढा, भुकटी, कुठल्या जंगलातली मुळी. एक बाई आईशीच बोलली, तिला नावाने हाक मारून म्हणाली की केमो सोडा, आम्ही मुळापासून काढतो. त्या रात्री आई जेवली नाही. केमो सोडू का, असं तिने मला दोनदा विचारलं. कॅन्सर बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी फोन येतात. आईचं सिमकार्ड बदललं.

तक्रारीचं सांगते. मी १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन केला, पण दोन महिन्यांनी. पैसे गेल्या गेल्या केला तर ते पुढच्या खात्यात अडवता येतात, उशीर झाला की अवघड. आपोआप कापले जाणारे ७९९ तोपर्यंत तीनदा गेले होते. ते थांबवायला कुणाची परवानगी लागत नाही, पैसे पाठवायच्या ॲपमध्ये ऑटोपे असतं, तिथे जाऊन रद्द करायचं. कापायच्या एक दिवस आधी मेसेजही येतो, मी ते मेसेज बघतच नव्हते. ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर मराठीतून बोलता येतं. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बिल विचारलं. बिल नव्हतं, व्हॉट्सॲपवर ‘पेमेंट मिळाले’ आणि हात जोडल्याचं चित्र तेवढं होतं. ३,९००, ९,००० आणि तीनदा ७९९, असे १५,२९७ रुपये. एक रुपया परत आलेला नाही. तक्रार चालू आहे, म्हणून ते जांभळं खोकं मी टाकलेलं नाही.

आता आईची वही गणपत गल्लीतून आणलेली आहे, दोनशे पानी, रेघांची. डाव्या पानावर मी लिहिते: केमोचा कितवा दिवस, वजन, डिस्चार्ज कार्डावरून उतरवलेली औषधांची नावं, रक्ताचा काउंट. उजवं पान आईचं. ती सकाळ-संध्याकाळ ताप बघून आकडा लिहिते आणि पुढे तिला वाटेल ते. ‘अर्धी भाकरी. तोंड आलं. केस उशीवर.’ गेल्या वेळी तिने वही थेट डॉक्टरांपुढे ठेवली आणि बोट ठेवून विचारलं, ‘ह्या तीन दिवसांत पायाला मुंग्या येत्यात, हे लिहायचं की नाही?’ डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढून ते पान वाचून घेतलं. त्यांना मराठी येतं हे आम्हाला तेव्हा कळलं.

तो माणूस आमच्या दवाखान्यासमोर आता दिसत नाही. पण परवा केमोला शेजारच्या खाटेवर नंदगडची एक बाई होती, तिच्या उशाला तसंच जांभळं खोकं. नवऱ्याने मिरजेला तपासणीला गेले होते तेव्हा घेतलं म्हणाली. खोक्यावरचं नाव वेगळं, आतली पानं तीच, लाल चौकटीत ९११. मी तिला आधी तिचं डिस्चार्ज कार्ड शोधायला लावलं, मग विचारलं की स्लाईड-ब्लॉक कुणाकडे आहेत. तिने नवऱ्याकडे बघितलं. तो काही न बोलता फोन घेऊन बाहेर गेला.