कोबोल्ड: पाच हिट पॉइंटांच्या मॉन्स्टरबरोबर काढलेले काही महिने

आधी निकाल सांगून टाकतो. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या कथाखेळात डीएम (डन्जन मास्टर, गोष्ट चालवणारा आणि शत्रू खेळवणारा) म्हणून एकच मॉन्स्टर वापरायची मुभा मिळाली, तर मी ड्रॅगन सोडून कोबोल्ड हा सरड्यासारखा छोटा जीव घेईन. मात्र पुस्तकातून उचलून सरळ मोकळ्या खोलीत उभा केलात, तर दोन राउंडांत (सगळ्यांची एकेक पाळी म्हणजे एक राउंड) खेळ आटोपतो आणि कुणाच्या लक्षातही राहत नाही.

पावसाळ्यापासून आमचं कॅम्पेन, म्हणजे बऱ्याच बैठकांत चालणारी गोष्ट, एका पडक्या खाणीभोवती फिरतंय. चार खेळाडू, २०१४ चे नियम, आणि शत्रू म्हणून बहुतेक वेळा कोबोल्डच. कागदावर त्याची अवस्था केविलवाणी आहे: हिट पॉइंट (जीव) ५, आर्मर क्लास ऊर्फ एसी (घाव लागायला गाठायचा आकडा) १२, चॅलेंज रेटिंग (किती अवघड) १/८, मारल्यावर २५ एक्सपी (अनुभवाचे गुण). ताकद ७. फायटरची तलवार लागली की एक घाव दोन तुकडे. १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये तर त्याला जेमतेम १ ते ४ हिट पॉइंट होते, त्या मानाने २०१४ चा कोबोल्ड पैलवान म्हणायचा.

खरी गोम आहे पॅक टॅक्टिक्समध्ये. लक्ष्याच्या ५ फुटांत दुसरा कोबोल्ड उभा असला की अटॅकला ॲडव्हान्टेज मिळतो. आमच्या फायटरचा एसी १६. कोबोल्डाचा +४ चा अटॅक (फाशात ४ मिळवायचे) लागायला वीस बाजूंच्या फाशावर १२ किंवा वर हवेत, म्हणजे ४५ टक्के. ॲडव्हान्टेजने दोन फासे टाकून मोठा धरला की तेच जवळजवळ ७० टक्के होतात, आणि क्रिटिकलची (फाशावर २० पडून जास्त डॅमेज होण्याची) शक्यता दुपटीच्या आसपास जाते. डॅगरचं डॅमेज फुटकळ, चार-पाच. पण सहा जणांनी घेरलं तर एका राउंडला सरासरी वीसेक निघतात, आणि लेव्हल ३ च्या फायटरकडे हिट पॉइंट तिशीच्या आत-बाहेरच असतात. उन्हात मात्र त्यांच्या अटॅकला डिसॲडव्हान्टेज (दोन फाशांतला लहान धरायचा) असतो, तो ॲडव्हान्टेजला कापतो आणि सगळं साध्या रोलवर येतं. आमच्या मंडळींनी हे लवकर हेरलं. शिव्या देऊन, दगड मारून त्यांना खाणीच्या तोंडाशी ओढायचा प्रयत्न ते अजून करतात. माझे कोबोल्ड येत नाहीत. का यावं त्यांनी?

सगळ्यात रंगलेली लढाई तीन फुटी बोगद्यातली. आकडेमोडीने ती सोपी होती: आठ कोबोल्ड म्हणजे २०० एक्सपी, संख्येमुळे अडीचपट, म्हणजे ५००. लेव्हल ३ च्या चौघांना ‘मध्यम’ लढत व्हायलाही ६०० लागतात. बोगद्यात माणसं वाकून, अंग चोरून जाणार, म्हणून मी स्क्वीझिंगचे नियम लावले: त्यांचे अटॅक डिसॲडव्हान्टेजने, त्यांच्यावरचे ॲडव्हान्टेजने. बुटक्या हाफलिंग जमातीतली रोग (Rogue, चोरट्या कामातलं पात्र) तेवढी ताठ चालू शकत होती, म्हणून ती पुढे गेली. कोबोल्डांनी तिला जाऊ दिलं आणि तिच्या मागे खुंटी ओढली. दगडमाती कोसळली, वाट बंद. दोन्ही भिंतींत मुठीएवढी भोकं, भोकांमागे गोफणी. आडोशाचे +५ धरून त्यांचा एसी थेट १७. क्लेरिक (पुजारी) तिला सोडवायला माती उकरत राहिला आणि डेथ सेव्हवर, म्हणजे जगतो की मरतो ठरवणाऱ्या फाशांवर, गेला. शेवटी विझार्डने स्लीप हा झोपेचा मंत्र टाकून चौघांना झोपवलं, उरलेले पळाले. पळाले हे महत्त्वाचं. पुढच्या वेळी त्या पळालेल्या चौघांनी विझार्डला आधी टिपलं.

ही युक्ती माझी नव्हे. नोव्हेंबर १९८७ च्या ‘ड्रॅगन’ मासिकात संपादक रॉजर मूर यांनी टकर नावाच्या डीएमच्या कोबोल्डांबद्दल लिहिलं होतं. वरच्या लेव्हलची पार्टी (खेळाडूंची टोळी) आगीला आणि चिंचोळ्या बोळांना घाबरून पळत सुटायची. तेव्हापासून ‘टकरचे कोबोल्ड’ हा डीएम लोकांच्या बोलण्यातला शब्दच झालाय.

रंग भरायला मी मूळ जर्मन लोककथांकडे गेलो आणि तिथे भरपूर सापडलं. तिथला कोबोल्ड सरड्यासारखा नसतो. तो घरात नाहीतर खाणीत राहणारा खोडकर, डूख धरणारा जीव. खाणकामगार म्हणायचे, चांगलं खनिज चोरून हा निरुपयोगी दगड ठेवतो. ते भाजले तर धातू नाही, नुसता विषारी धूर. त्या धुरात आर्सेनिक असायचं, आणि त्याच खनिजातला कोबाल्ट पुढे स्वीडनच्या गेऑर्ग ब्रांटने वेगळा ओळखला. मी हा धूर सापळा म्हणून सरळ उचलला. घरातल्या कोबोल्डाला वाडग्यात खायला ठेवायचं, अपमान करायचा नाही. हिल्डेसहाइमच्या बिशपच्या वाड्यातल्या ह्योडेकेन नावाच्या कोबोल्डावर स्वयंपाकघरातला पोरगा घाण पाणी फेकायचा. कथेत त्याने त्या पोराला मारून, तुकडे करून शिजवायला ठेवलं. हे ऐकवल्यापासून आमचा फायटर खाणीच्या तोंडाशी सुकं मांस ठेवून आत जातो. मालवणचा खेळाडू म्हणाला, ‘हो तर देवचाराक विडी ठेवल्यासारखा झाला!’ (देवचार म्हणजे कोकणातला राखणदार.) मांस घेतलं जातं, दिवेही चोरीला जातात.

त्रास काय? एक, हिशेब. आठ-दहा जणांची वेगवेगळी पाळी चालवली तर खेळाडू मोबाइल काढतात. मी दोन टोळ्या करतो, टोळीला एकच इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम), फासे मूठभर एकदम. दोन, तयारी. ड्रॅगनचं पान उघडून खेळता येतं, कोबोल्डाला नकाशा लागतो, आणि नकाशात तास जातात. तीन, लेव्हल ५ ला फायरबॉल हा आगीचा मंत्र आला की सेव्ह (मार अर्ध्यावर आणायचा फासा) झाला काय आणि नाही काय, अर्ध्या डॅमेजलाही हे मरतातच. तेव्हापासून एका जागी तिघांहून जास्त ठेवत नाही.

नवख्या डीएमने पहिल्याच दिवशी सापळ्यांसकट वापरू नयेत, अख्खी पार्टी मरेल आणि दोष नियमांना जाईल. चार कोबोल्ड, एक बोळ, एक पळवाट एवढ्यावर सुरुवात करा. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या नकाशांपायी जागलेल्या रात्रींचा कापलाय.