240 वॅटचे लाईट आणि लाल फ्यूज

एकूण 11,750 रुपये गेले. गाडीला पुढे लावायच्या जादा एलईडी लाईटच्या जोडीचे 6,800, वायरिंग हार्नेसचे (लाईट जोडायच्या तयार वायरींचा संच) 1,200, फिटिंगचे 700, आणि त्या फिटिंगने जाळलेला स्विच बदलायचे वर 3,050. दुकान कोल्हापुरातलं. नाव लिहीत नाही, पण गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, आजरा या बाजूला रात्री गाडी नेणारा माणूस कधी ना कधी अशा दुकानासमोर उभा राहतोच.

लाईट हौसेखातर लावले नव्हते. गाळप सुरू झालं की उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात, मागे ना रिफ्लेक्टर ना लाल दिवा, आणि ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. दाजीपूरकडे गवा रस्त्यात आडवा उभा असतो आणि त्याचं काळं अंग अंधारात अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. 60 च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. ब्रेकवर पाय पडेपर्यंतच 25 मीटर संपतात, थांबणं पुढेच. "जादा लाईट पाहिजेत कशाला?" असं विचारणाऱ्यांनी एकदा त्या रस्त्याने रात्री जाऊन यावं.

दुकानदाराने दुकानातच लाईट लावून समोरच्या भिंतीवर मारला. "मालक, रातीचा दिवस हुतोय का न्हाई बघा." दहा फुटांवरची भिंत पांढरीफेक झाली. दहा फुटांवर कुठलाही एलईडी तसाच दिसतो. रस्त्यावर बघायचं असतं ते 80-100 मीटरवर काय पोचतं ते, आणि ते रिफ्लेक्टर आणि लेन्सवर ठरतं. या लाईटांनी बोनेटसमोरचे 15 मीटर झगमगवले. जवळ एवढा उजेड पडला की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचं पहिल्यापेक्षाही कमी दिसतं. म्हणजे पैसे देऊन अंधार वाढवून घेतला. लाईट अंधारात, रस्त्यावर नेऊन दाखवत नसेल तर घेऊ नका.

आता ज्या क्षणी मला कळायला हवं होतं तो क्षण. बॉक्सवर छापलेलं, एका लाईटला 120 वॅट. दोन्हीचे 240. त्याला 12 व्होल्टने भागलं की 20 अँपिअर. हा हिशोब मला तोंडपाठ आहे. हार्नेस काउंटरवर पडला होता, फ्यूज होल्डरचं झाकण उघडं, आणि आत लाल फ्यूज. लाल म्हणजे 10 अँपिअर. निळा 15, पिवळा 20, हिरवा 30. दहाच्या फ्यूजमधून वीस अँपिअर गेले तर तो काही सेकंदांत उडालाच पाहिजे. तरीही हार्नेसमध्ये दहाचाच दिलाय याचा अर्थ एकच, लाईट 120 वॅटचे नाहीत. मी तो लाल फ्यूज डोळ्यांनी बघितला. दुकान बंद व्हायची वेळ झाली होती, फिटरने बंपर खोलून ठेवला होता, मागे दोन गाड्या थांबलेल्या. अशा वेळी माणूस म्हणतो, असेल काहीतरी. तरीही तो फ्यूज अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

नंतर घरी मोजलं. इंजिन चालू, बॅटरीवर 13.8 व्होल्ट, एका लाईटला 1.6 अँपिअर. म्हणजे 22 वॅट. 120 चे 22! बॉक्सवर 12,000 लुमेन (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) लिहिलेत. साध्या एलईडीला वॅटमागे 100 लुमेन धरले तरी 2,200 च्या वर जात नाही. मोजायला डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो, घरगुती वायरिंगवाल्याचा एसी क्लॅम्प इथे शून्य दाखवेल. मीटर नसेल तर लाईट हातात घेऊन वजन बघा. खऱ्या 120 वॅटच्या एलईडीला उष्णता फेकायला मागे जाडजूड अॅल्युमिनियमच्या पाकळ्या लागतात. मूठभर हलका डबा कितीही स्टिकर लावले तरी 120 वॅटचा होत नाही.

फिटिंग तर त्याहून वाईट. हार्नेसमध्ये रिले होता, म्हणजे थोड्या करंटच्या इशाऱ्यावर बॅटरीकडचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, दिसायला जागेवर. तिसऱ्या आठवड्यात जळका वास आला म्हणून रिले उपटला, तर लाईट चालूच! बॅटरीकडून वायर आणलीच नव्हती. हेडलाईटच्या हाय बीमची वायर सोलून त्यावर पीळ मारलेला, वर काळी टेप. हाय बीमचे 60 वॅटचे दोन बल्बच 10 अँपिअर खातात, स्विच तेवढ्यासाठीच बनवलेला. त्यावर हे 3.2 अँपिअर आणि वर सैल पीळ. जोड तापला, कनेक्टर वितळला, स्विच गेला. लाईट खरोखर 240 वॅटचे असते तर पहिल्याच रात्री वायरिंग पेटलं असतं.

म्हणून फिटरच्या डोक्यावर उभे राहा. बॅटरीच्या प्लसपासून अर्ध्या फुटाच्या आत फ्यूज, तिथून रिलेची 30 नंबरची पिन. 87 वरून लाईटला. 86 ला हाय बीमची वायर फक्त इशाऱ्यापुरती, 85 अर्थला. अर्थ रंगावर नाही, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर. वायर 2.5 स्क्वेअर एमएम. प्रत्येकी 55 वॅटच्या हॅलोजन जोडीला सव्वानऊ अँपिअर लागतात, फ्यूज 15 चा. काम झालं की रिले उपटून बघा, लाईट विझलेच पाहिजेत.

"आयपी 67", म्हणजे धूळ-पाणी आत जाणार नाही, या छापाचंही तसंच. पहिल्या वळवाच्या पावसात काचेआड बाष्प. लाईट तापलेला असताना गार पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि कच्च्या गॅस्केटमधून पाणी ओढून घेते. घेण्याआधी लाईट पंधरा मिनिटं पेटवून मग बादलीत बुडवा. दुकानदार नको म्हणाला की उत्तर मिळालं.

घाटातल्या धुक्यासाठी पिवळा घ्या म्हणतात. पण धुक्यात रंगापेक्षा लाईट किती खाली बसवलाय आणि त्याचा झोत वरून कापलेला आहे का, हे महत्त्वाचं. टपावरचा लाईट बार धुक्यात पांढरी भिंत उभी करतो.

तक्रारीचं सांगतो. पोलीस ठाण्यात सांगितलं, ही दिवाणी बाब, ग्राहक मंचात जा. परिवहनवाल्यांनी (आरटीओ) ऐकून घेण्याआधीच मला विचारलं, बाहेरचे लाईट लावलेच कसे, मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या फेरबदलांबद्दलचं कलम 52 माहीत नाही का? नियम मलाही माहीत आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 च्या नियम 111 प्रमाणे समोर स्पॉटलाईटला परवानगीशिवाय मनाई आहे. मग तेच लाईट भर बाजारात काचेत मांडून विकतात तेव्हा हा नियम कुठे जातो? विकणाऱ्याला कोणी विचारत नाही, लावणाऱ्याला दंडाची भीती. तिसऱ्या कार्यालयात मी बॉक्स दाखवला. त्यावर ना उत्पादकाचं नाव, ना पत्ता, ना एमआरपी. पाकीटबंद मालावर हे छापणं कायद्याने सक्तीचं आहे. "पक्कं बिल आणा, मग बघू." एवढंच उत्तर. बॉक्स समोर टेबलावर, दुकान तिथून चालत दहा मिनिटांवर, आणि साहेबांना खुर्चीतून उठायचं नाही. चार खेपा, चार अर्धे दिवस बुडाले.

पक्कं बिल माझ्याकडे नाही, हे खरं. "टॅक्स कशाला भरताय" म्हणून कच्ची पावती दिली, त्यावर "लाईट सेट 1" एवढंच. पैसे मोबाईलवरून गेले तेही दुकानाच्या नावावर नाही, कुणा तिसऱ्याच माणसाच्या. पैसे पाठवताना स्क्रीनवर येणारं नाव वाचा. पावतीवर वॅट लिहून घ्या.

जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. मी अर्ज तयार केलाय. 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, तिथे आधी नोंद करून क्रमांक घ्या. आणि लाईट उघडून बघू नका. मी रागाच्या भरात एकाचं सील तोडलं आणि दुकानदाराने तेवढंच धरलं, "खोललाय, आता वॉरंटी न्हाई." दुसरा अजून सीलबंद आहे. तो, लाल फ्यूज, जळका कनेक्टर आणि मीटरवर 1.6 दिसतानाचा फोटो एका पिशवीत घालून ठेवलाय.